तारेच्या आतलं गवत

माळावर तारेचं कुंपण उभं राहून आठ महिने झाले होते, पण मेंढरांना ते अजून कुणी समजावून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी वाडग्याचं फाटक उघडलं की ती जुन्या वाटेने सरळ तारेपाशी जाऊन उभी राहायची. वाट त्यांच्याच खुरांनी पडलेली, मुरमात चांगली चार बोटं रुतलेली. तारेखालून ती पलीकडे गेलेली त्यांना स्वच्छ दिसायची. मग मागून मेंढपाळ येऊन पोचायचा, दोन शिव्या हासडायचा आणि कळप वळवून कुंपणाच्या कडेकडेने लांबच्या रस्त्याला लावायचा. त्या वळशातच निम्मी सकाळ जायची.

तारेच्या आत उन्हातून वीज काढणाऱ्या प्लेटा होत्या. रांगाच्या रांगा, नजर पोचेल तिथपर्यंत. उन्हाची या भागात कधीच ददात नव्हती, त्यामुळे कंपनीने जागा बरोबर हेरली असं सगळेच म्हणायचे. माळ कुणाच्या नावावर आहे हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तोवर तो कंपनीकडे गेलेला होता.

गेला तर गेला, पण मेंढपाळाच्या जिवाला जे लागलं ते वेगळंच. प्लेटांवर धूळ बसली की वीज कमी निघते, म्हणून कंपनीचे लोक दर पंधरवड्याला टँकर आणून त्या धुवायचे. ते पाणी खालच्या कडेवरून ठिबकायचं. बाहेर दोन वर्षं पावसाने नुसतं तोंड दाखवलेलं, माळाला खरूज झाल्यासारखी कुठेकुठे काटेरी खुरटी झुडपं उरलेली. आणि आत, प्रत्येक रांगेच्या खाली, गुडघ्याएवढं हिरवं गवत वाऱ्यावर डुलत होतं. मेंढरं तारेला नाकं लावून त्याचा वास घ्यायची. मेंढपाळ तिकडे बघायचंच टाळायचा.

शेवटी त्याने व्यापाऱ्याला निरोप धाडला. शुक्रवारी ट्रक घेऊन ये, म्हणाला. एकशे बारा मेंढरं आहेत, लहानमोठी सगळी घेऊन जा. निरोप धाडला त्या दिवसापासून त्याने वाडग्यात मोजणी करायचं सोडलं होतं. बायकोच्या ते ध्यानात आलं होतं.

सोमवारी संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो बूट न काढताच अंगणात उभा राहिला. मुलगा कंपनीच्या फाटकावर पहारेकरी होता. निळा सदरा, छातीवर शिक्का. बापाला त्या सदऱ्याचा मनातून अभिमानही होता आणि रागही होता, आणि यातलं नेमकं काय वर येईल हे दिवसावर अवलंबून असायचं.

"बाबा, कंपनीच्या मॅडम विचारत होत्या. मेंढरं आत सोडाल का म्हणून."

मेंढपाळ खाटेवर पाय चोळत बसला होता. त्याने पाय चोळणं थांबवलं नाही.

"गवत फार माजलंय," मुलगा म्हणाला. "वाळलं की पेट घ्यायची भीती. मशीनने कापलं तर खडे उडतात, प्लेटा फुटतात. मॅडमनी कुठंतरी वाचलंय, मेंढ्या लावल्या तर काम होतं. उद्यापासून तीन दिवस बघणार. जमलं तर कायमचं."

"कायमचं म्हणजे?"

"म्हणजे रोज आत चारायचं. शुक्रवारचा ट्रक परत धाडायचा."

चुलीपाशी बायको एका पोरक्या कोकराला बाटलीने दूध पाजत होती. तिचा हात तसाच राहिला. कोकराने दोनदा बाटलीला डोकं मारलं तेव्हा तिला भान आलं.

"पण एक आहे," मुलगा म्हणाला. "फक्त मेंढ्या. शेळी-बोकड काही नाही. ते प्लेटांवर चढतात."

आता मेंढपाळाने पाय सोडले. "मास्तराशिवाय?"

मास्तर म्हणजे कळपाचा खच्ची बोकड. दाढी पांढरी, चाल संथ आणि स्वतःच्या शहाणपणाबद्दल शंका नाही, म्हणून मास्तर. हा चौथा. आधीच्या तिघांनाही मास्तरच म्हणायचे; एक गेला की दुसरा बदली होऊन आल्यासारखा यायचा. मेंढी ही पुढारी होणारी जात नव्हे. पुढे मास्तर, मधे मेंढरं आणि सगळ्यात मागे काठी घेऊन मेंढपाळ, ही चाळीस वर्षांची व्यवस्था होती. मेंढपाळाने आयुष्यभर जग बघितलं ते मेंढ्यांच्या शेपटांवरून.

"मास्तर नको म्हणाल्यात," मुलगा म्हणाला. "मी विचारलं होतं."

"बरं," मेंढपाळ म्हणाला. "मी आहे की."

मंगळवारी उजाडता उजाडता कळप कंपनीच्या फाटकावर आला. मास्तर वाडग्यात खुंटाला बांधलेला. त्याचं ओरडणं बरंच अंतर पाठीमागे ऐकू येत होतं. फाटकावर मुलाने वही उघडली आणि इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, लिहावं लागतं. आत यायचं कारण?"

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. वहीला माहीत नाही."

"लिही, मेंढरं."

मग बूट आले. लोखंडी नाकाचे, जाड, काळे. आत आलेल्या प्रत्येकाने घालायचे असा नियम होता. मेंढपाळाचे पाय जन्मभर चपलेत पसरलेले. ते बुटात शिरताना बोटं एकमेकांवर चढली. मुलाने खाली बसून नाड्या बांधल्या. गळ्यात फीत आली, फितीला पास लटकवलेला. मॅडम बाजूला उभ्या होत्या. तिशीच्या आतल्या, डोक्यावर मोठी टोपी, बोलणं साधं.

"काका, घाई नाही. सावकाश आणा," त्या म्हणाल्या.

मेंढपाळ फाटकातून आत गेला, वीस पावलं पुढे जाऊन वळला, आणि त्याने आपली नेहमीची हाळी दिली. लांब, घशातून काढलेली, शेवटी उंच जाणारी. त्या हाळीवर कळप डोंगर चढायचा.

एकशे बारा मेंढरांनी माना वर केल्या, आणि सगळीच्या सगळी उलटी फिरली.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. ही हाळी जन्मापासून त्यांच्या पाठीमागून येत होती. ती आली की तिच्यापासून लांब जायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. आज ती पुढून आली म्हणून ती मागे पळाली. मेंढपाळाला हे उमगायला वेळ लागला. तो आणखी मोठ्याने हाळ्या देत त्यांच्यामागे धावला, आणि तो जितका ओरडला तितकी ती जोरात घराकडे सुटली. लोखंडी नाकाचे बूट घालून तो अर्धा कोस पळाला. पोचला तेव्हा कळप मास्तराच्या भोवती गोळा होऊन रवंथ करत होता.

"लवकर आलात," बायको म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून ती पाणी आणायला गेली.

बूट काढले तर दोन्ही टाचा सोललेल्या.

बुधवारी त्याने डोकं लावलं. पुढून बोलवायचं नाही, मागूनच रेटायचं. प्लेटा धुणारे दोघे आणि मुलगा यांना त्याने दोन्ही बाजूंना हात पसरून उभं केलं, आणि मागून हाळी दिली. मेंढरं दाटीवाटीने, एकमेकींच्या पाठीवर चढत, फाटकातून आत ओतली गेली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मेंढपाळाला बरं वाटलं. टाळ्या वगैरे त्याच्या वाट्याला लग्नानंतर आल्या नव्हत्या.

तासभर मेंढरं खाली मान घालून नुसती ओरबाडत होती. गवत तुटण्याचा आवाज सगळीकडून येत होता. दोन वर्षांत तो आवाज त्याने ऐकला नव्हता. तो एका रांगेच्या टोकाला उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही. घामात कुणाला कळणार होतं?

मग ऊन चढलं, आणि मेंढरांना सावली सापडली.

बाहेरच्या माळावर झाड नव्हतं. दुपारी मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहायची, तीच त्यांची सावली. इथे प्रत्येक प्लेटखाली गारव्याची लांबच लांब पट्टी. त्यांनी अंगं टाकली ती टाकलीच. उन्हं कलली तरी उठेनात. मेंढपाळाने मागून रेटलं की ती उठायची, मधल्या रांगेतून वाकून पलीकडे जायची आणि तिथे बसायची. उघड्या माळावर कळप म्हणजे एक अंग होतं. इथे त्याचे वीस तुकडे झाले. प्लेटा त्याच्या छातीएवढ्या उंच, त्यामुळे त्याला नुसते पाय दिसायचे. कुठले पाय कुणाचे, काही कळेना. तो वाकून, मग रांगून, रांगांमागून रांगा फिरला. एकदा उठताना लोखंडी कड कपाळाला लागली आणि भुवईवरून रक्त ओघळलं. मॅडम लांबून घड्याळ बघत होत्या. पाच वाजता फाटक बंद व्हायचं.

तेवढ्यात एक तांबडी मेंढी कळपापासून फुटली आणि खांबाला बांधलेल्या जाड वायरी दातांनी ओढायला लागली.

मेंढपाळाच्या हातात एक विद्या होती, तिचं नाव चार गावांत होतं. मेंढी वाट सोडून चालली की तो खाली न बघता खडा उचलायचा आणि फेकायचा. खडा बरोबर मेंढीच्या नाकापुढे वीतभर पडायचा आणि मेंढी वळायची. आजवर त्याचा खडा एकाही मेंढीच्या अंगाला लागला नव्हता. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हातालाच ते माहीत होतं. हात खाली गेला, खडा उचलला गेला, सुटला, आणि बरोबर तांबडीच्या नाकापुढे वीतभर पडला. तांबडी वळली. खडा मात्र खडीवर टप्पा घेऊन उडाला.

आवाज फार मोठा झाला नाही. प्लेटेवर एका ठिकाणाहून रेघा निघाल्या आणि कडांपर्यंत पोचल्या.

सगळे जिथल्या तिथे थांबले. मेंढपाळ आपल्या हाताकडे बघत राहिला. हात तसाच पुढे होता, फेकून झाल्यावर असतो तसा.

मॅडम आल्या, प्लेट बघितली, त्याच्या कपाळावरचं रक्त बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काका, आधी ते धुऊन घ्या," त्या म्हणाल्या. मग मुलाला बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. मेंढपाळाला एवढंच ऐकू आलं, "मेंढ्यांची तक्रार नाही रे. मला वर उत्तर द्यावं लागतं."

अंधार पडायच्या आत पाच माणसांनी मिळून कळप बाहेर काढला. शेवटची मेंढी गेल्यावर मुलगा फाटकात बापासमोर उभा राहिला. तो बापापेक्षा बुटका होता.

"बाबा," तो म्हणाला, "मान जरा खाली करा."

बापाला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने मान खाली केली. मुलाने गळ्यातली फीत अलगद वर घेतली. कपाळाच्या जखमेला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी ताणून धरली. पास खिशात टाकला आणि वहीत वेळ लिहिली.

"उद्याचा दिवस आहे अजून," मुलगा वहीत बघतच म्हणाला. "कळपाला आहे. तुम्हाला नाही."

घरी बायकोने जखमेला हळद लावली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या मी जाते."

"तुला काय येतं?"

"मला काही येत नाही. मी नुसती जाते."

"मेंढरं म्हणजे अंगणातली कोकरं नव्हेत."

"होतीच की कधीतरी," ती म्हणाली, आणि हळदीची वाटी उचलून आत गेली.

गुरुवारी मेंढपाळ मास्तराला दोरी बांधून कुंपणाच्या बाहेर उभा राहिला. आत जायची बंदी होती, बाहेरून बघायची नव्हती. बायकोच्या अंगात कंपनीचं पिवळं जाकीट, गुडघ्यापर्यंत येणारं; पायात तेच बूट, आत चिंध्या कोंबलेल्या. तिने फाटकात एकदाच डबा हलवला. मिठाच्या खड्यांचा डबा. रोज संध्याकाळी वाडग्यात तिच्या तळहातावरून मीठ चाटून एकशे बारा जिभा लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. ती फाटकातून आत शिरली आणि चालायला लागली.

ती मागे बघेना. मेंढपाळाला राहवेना. कळपाकडे पाठ करून चालणारं माणूस त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं. "अगं, मागे बघ," तो तारेला धरून पुटपुटला. पण मेंढरं तिच्यामागे निघाली होती. रेटारेटी नाही, धावपळ नाही, एकामागोमाग एक, बाजाराला निघालेल्या बायकांसारखी. रांगेच्या टोकाशी ती बसली, मेंढरं चरली. ती उठून पुढच्या रांगेत गेली, मेंढरं चरत चरत तिच्यामागे गेली. दुपारी ती सावलीला आडवी झाली, मेंढरंही झाली. चार वाजता ती उठली, जाकीट झटकलं, डबा हलवला, आणि सावली सोडून सगळी उभी राहिली.

बाहेर मेंढपाळ आणि मास्तर तारेच्या कडेने त्यांच्याबरोबर उन्हातून चालत होते. मास्तर अधूनमधून ओरडायचा. पहिल्या दोन-चार वेळा मेंढरांनी माना वळवल्या. मग वळवल्या नाहीत.

फाटकात त्याने मोजलं. एकशे बारा. पुन्हा मोजायची गरज नव्हती, तरी त्याने वाडग्यात शिरताना पुन्हा मोजलं.

मॅडम खूश होत्या. नवा पास घेऊन त्यांनी विचारलं, "काकू, नाव काय लिहू?" बायकोने सवयीने नवऱ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे वळून स्वतःच सांगितलं. मेंढपाळाने ते नाव कितीतरी वर्षांनी ऐकलं. त्याला ते आठवायला लागू नये इतकं ते त्याच्या ओळखीचं होतं, आणि तरी क्षणभर आठवावं लागलं.

त्या संध्याकाळी ट्रकवाल्याला नको म्हणून निरोप धाडायचं घरात कुणी काढलं नाही. मुलाला वाटलं बाप धाडेल. बायकोने त्याच्या तोंडाकडे दोनदा बघितलं. मेंढपाळ खाटेवर पडून राहिला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात अजून दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. कळप आजही त्याचाच होता. शुक्रवारी हो म्हटलं, तर निदान आपला कळप आपल्या हाताने विकणारा मेंढपाळ म्हणून राहता आलं असतं. नाही म्हणाला तर काय म्हणून राहायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ट्रक आला. वाडगं रिकामं बघून व्यापारी धूळ उडवत माळावर आला आणि कुंपणाशी थांबला. मेंढपाळ तारेच्या खांबाच्या सावलीत बसला होता. खांबाची सावली ती केवढी; एक खांदा मावत होता. शेजारी मास्तर.

"काय हे?" व्यापारी खाली उतरत म्हणाला. "कळप कुठाय?"

मेंढपाळाने हनुवटीने आत दाखवलं. लांब प्लेटांच्या मधे पिवळं जाकीट चाललं होतं आणि त्याच्यामागे मेंढरं, निवांत. एवढ्या लांबूनही त्यांची पोटं भरलेली दिसत होती. तीन दिवसांत मेंढी बदलत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याला ती बदललेली दिसली.

"बाहेर काढा की मग. बघू, भरू," व्यापारी म्हणाला. "तीन तास तापलेल्या इंजिनवर बसून आलोय मी."

मेंढपाळाने पुन्हा आत बघितलं. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता. आत बायको थांबली. ट्रक तिलाही दिसला होता. ती तिथेच उभी राहिली. पुढे येईना, मागे जाईना. ती काही विचारणार नव्हती, हे तो तीस वर्षांच्या संसाराने ओळखून होता. हे त्यालाच सांगायचं होतं.

"विकायची नाहीत," तो म्हणाला.

"तुम्हीच बोलावलंत ना?"

"बोलावलं. चुकलं. डिझेलचं काय होईल ते मुलगा देईल तुला."

व्यापारी कमरेवर हात ठेवून आत बघत राहिला. मग त्याने मेंढपाळाकडे बघितलं, कपाळावरची खपली, सोललेल्या टाचा, दोरीला बांधलेला बोकड, आणि त्याला हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. त्याने असे पुष्कळ बघितले होते.

"आणि तुम्ही इथं बाहेर? अहो, एवढा मोठा कळप. बाईच्या भरवशावर टाकलात?"

मेंढपाळ उठला. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश उठला, कपड्यांची माती झटकली.

"माझ्या भरवशावर होता," तो म्हणाला, "तेव्हाच तर तुला बोलावलं होतं."

व्यापाऱ्याचं हसू गेलं. तो ट्रकमध्ये चढला. ट्रक रिकामाच वळला, रिकाम्या हौद्यातल्या साखळ्या खडखडत गेल्या. धूळ खाली बसेपर्यंत मेंढपाळ तारेजवळ उभा होता. आत बायको पुन्हा चालायला लागली होती, आणि तिच्या मागून मेंढरं. तो बाहेरून, तिच्या चालीने, बरोबर चालायला लागला.